‘लेस्टरला येऊ नका’: एका नगरपरिषदेच्या जाहिरातीचं प्रकरण

१५ सप्टेंबर १९७२ रोजी कंपालाच्या ‘युगांडा आर्गस’ या इंग्रजी दैनिकात एक जाहिरात छापून आली. जाहिरात देणारी होती इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची नगरपरिषद. विकायचं काहीच नव्हतं. गिऱ्हाइकानं आपल्या दारात फिरकू नये, एवढ्यासाठी पैसे मोजले होते. मजकूर साधारण असा: युगांडातली बरीच कुटुंबं लेस्टरला येण्याच्या विचारात आहेत असं परिषदेला वाटतं. तुमचाही तसा विचार असेल तर ध्यानात घ्या, पूर्वी आलेल्यांना शहरात जी परिस्थिती मिळाली ती आता राहिलेली नाही. खाली तीन नोंदी. घरं: कित्येक हजार कुटुंबं आधीच परिषदेच्या प्रतीक्षायादीत आहेत. शिक्षण: शेकडो मुलं शाळेत जागा मिळण्याची वाट बघत आहेत. समाजसेवा आणि आरोग्य: यंत्रणा आधीच पुरती ताणली गेली आहे. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत सल्ला: तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी युगांडा पुनर्वसन मंडळाचं (ब्रिटिश सरकारनं या लोकांसाठी नेमलेल्या मंडळाचं) ऐका, लेस्टरला येऊ नका.

दटावणी आणि काळजी एकाच वाक्यात कशी बसवावी याचा हा नमुना आहे. आज या जाहिरातीचा उल्लेख झाला की बहुतेक वेळा सूर एकच असतो: बघा, किती कोत्या मनाची माणसं होती. कोतेपणा होताच. पण तेवढ्यावर थांबलं तर स्थानिक कारभाराबद्दल या प्रकरणातून जे कळतं ते हातून निसटतं. परिषदेनं दिलेली माहिती खोटी नव्हती. तिनं ती चुकीच्या पत्त्यावर पाठवली. घरं, शाळा आणि पैसा यांचा जाब लंडनच्या सरकारला विचारायचा होता. तो विचारून काही हाती लागलं नाही म्हणून तो कंपालात बॅगा भरत बसलेल्या माणसाच्या गळ्यात घातला गेला.

नव्वद दिवस

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीन यानं टोरोरोच्या लष्करी छावणीत भाषण करताना जाहीर केलं की ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या आशियाई लोकांना देशात जागा नाही, त्यांची जबाबदारी ब्रिटननं घ्यावी. मुदत नव्वद दिवसांची. अखेरची तारीख ८ नोव्हेंबर ठरली. हे लोक मुख्यतः गुजराती, त्यांच्या जोडीला पंजाबी आणि गोवेकर. दुकानदारी, कापूस, साखर, सरकारी कारकुनी अशा कामांत काही कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या तिथे गेल्या होत्या. निघताना कुटुंबामागे जेमतेम पन्नासेक पौंड नेण्याची परवानगी होती. दुकान, घर, बँकेतले पैसे, सगळं मागे.

कायद्याची बाजू थोडी किचकट आहे, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. १९६२ साली युगांडा स्वतंत्र झाला तेव्हा अनेकांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवलं. पुढे केनियातून आशियाई लोक मोठ्या संख्येनं येऊ लागले तेव्हा ब्रिटिश संसदेनं १९६८ मध्ये घाईघाईनं कायदा करून या पासपोर्टांतला देशात शिरण्याचा हक्कच काढून घेतला. पासपोर्ट ब्रिटिश, पण प्रवेशासाठी दरवर्षी मोजके परवाने, आणि त्यासाठी रांग. अमीनच्या घोषणेनं ती रांग एका फटक्यात निरर्थक केली. सरकारचे ॲटर्नी जनरल पीटर रॉलिन्सन यांचा सल्ला स्पष्ट होता: दुसऱ्या देशानं हाकलून दिलेल्या स्वतःच्या नागरिकांना घेणं आंतरराष्ट्रीय कायद्यानं ब्रिटनला टाळता येणार नाही. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ते मान्य केलं. परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध बोलणारे खासदार इनॉक पॉवेल यांचा विरोध होता, लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातल्या हमालांनी मोर्चा काढला होता, आणि हीथ यांच्या स्वतःच्या पक्षातही कुरबुर होती. त्या वातावरणात हा निर्णय घ्यायला धमक लागली, हे कबूल करायलाच हवं.

शेवटी २७ हजारांहून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. ज्यांच्याकडे कुठलंच नागरिकत्व नव्हतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगामार्फत ऑस्ट्रिया, इटली, माल्टा इथल्या छावण्यांत गेले. कॅनडानं काही हजारांना घेतलं. ब्रिटनमध्ये आलेले मात्र कायद्याच्या भाषेत निर्वासित नव्हते, पासपोर्टधारक होते. त्यामुळे एकदा विमानतळाबाहेर पडल्यावर त्यांनी कुठे राहावं हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. सरकारला नाही, लेस्टरला तर नाहीच.

परिषदेच्या हातात काय होतं

१९७१ च्या जनगणनेत लेस्टरची लोकसंख्या सुमारे २ लाख ८४ हजार होती. शहराचा दर्जा ‘काउंटी बरो’चा. म्हणजे परिषदेच्या भाड्याच्या घरांपासून शाळा, समाजकल्याण आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांपर्यंत सगळं एकाच छताखाली. जाहिरातीतल्या तिन्ही नोंदी तंतोतंत याच खात्यांच्या आहेत, तो योगायोग नव्हे. खर्चाचा काही भाग ‘रेट्स’ या घरपट्टीसारख्या करातून यायचा. तो वाढवला की पुढच्या निवडणुकीत नगरसेवकाला त्याचं उत्तर द्यावं लागायचं.

सत्ता मजूर पक्षाची होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वंशद्वेषाला तात्त्विक विरोध करणारा, कामगारांचा म्हणवणारा हा पक्ष. पण त्याचे मतदार राहायचे त्याच जुन्या वस्त्यांमध्ये, जिथे नवी कुटुंबं येणार होती. स्थानिक वृत्तपत्रात विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडत होता. नॅशनल फ्रंट हा उघडपणे वंशवादी पक्ष सभा घेऊ लागला होता. परिषदेचं शिष्टमंडळ लंडनला गृहखात्यात जाऊन आलं. शहरात येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवा, ही मागणी. आणि तसा अधिकार आम्हालाही नाही, हे उत्तर.

मग परिषदेजवळ उरलं काय? प्रवेश रोखता येत नाही, घर घेण्यापासून कुणाला अडवता येत नाही, शाळेत आलेल्या मुलाला परत पाठवता येत नाही. ज्यांना निर्णयात स्थान नसतं आणि परिणाम मात्र भोगावे लागतात, ती माणसं हाताला लागेल ते हत्यार उचलतात. लेस्टरच्या हाताला वर्तमानपत्राची जाहिरात लागली.

तीन नोंदी, एकेक करून

घरांची नोंद आधी घेऊ, कारण तिच्यातच परिषदेचा हिशेब सगळ्यात जास्त चुकला. प्रतीक्षायादी खरी होती. पण कंपालाहून येणारं कुटुंब त्या यादीत येऊन उभं राहील हे गृहीतक चुकीचं होतं. परिषदेच्या भाड्याच्या घरासाठी गावात काही वर्षं राहिल्याची अट बऱ्याच ठिकाणी असायची, आणि नव्यानं आलेल्यांना त्या घरांचं विशेष आकर्षणही नव्हतं. शहराच्या उत्तरेला बेलग्रेव्ह आणि पूर्वेला हायफील्ड्स, स्पिनी हिल्स या भागांत एकोणिसाव्या शतकातल्या कामगार चाळीवजा घरांच्या रांगाच्या रांगा होत्या. दार थेट फुटपाथवर उघडणारं, खाली दोन खोल्या, वर दोन, संडास मागच्या परसात. यांतल्या बऱ्याच रांगा नगररचना खात्यानं पाडापाडीच्या नकाशात घातल्या होत्या. एखाद्या गल्लीवर नकाशात रेघ ओढली गेली की प्रत्यक्ष बुलडोझर यायला दहा वर्षं लागोत, त्या दिवसापासून घराची किंमत उतरते. जुने रहिवासी मिळेल त्या भावात विकून उपनगरात जातात. गुजराती कुटुंबांनी हीच घरं घेतली. दोन भाऊ, एकाची बायको, म्हातारे आईवडील. कमावणारे तीन हात एकत्र आले की अनामत जमते. गर्दी भयंकर व्हायची, हे खरं. पण परिषदेच्या यादीवर त्याचा भार जवळपास पडला नाही. लेस्टरमधले आशियाई पुढेही बहुसंख्येनं स्वतःच्या घरात राहणारेच राहिले.

थोडं थांबून हा विरोधाभास बघण्यासारखा आहे. जी घरं पाडायची म्हणून परिषदेनं सोडून दिली होती, तीच या लोकांनी विकत घेतली, रंगवली, भरली. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्यानं जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी दुरुस्तीसाठी अनुदान द्यायची सोय वाढवली आणि लेस्टरनंही पाडापाडीचा सोस सोडून दुरुस्तीचा मार्ग धरला. न्हाणीघर आत घ्या, छप्पर बदला, भिंतीची ओल काढा, अशा कामांना पैसे मिळू लागले. बेलग्रेव्ह रोड आज ‘गोल्डन माईल’ म्हणून ओळखला जातो, साड्या-दागिन्यांची रांग आणि दिवाळीची रोषणाई यांसाठी. त्या रस्त्यामागच्या कित्येक गल्ल्या मूळ बेतानुसार शिल्लकच राहायच्या नव्हत्या.

शाळांची नोंद मात्र खरी अडचण सांगत होती. इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. शिक्षकांच्या नेमणुका, वर्गांची वाटणी, वह्या-पुस्तकांची खरेदी सगळं उन्हाळ्यात होऊन जातं. युगांडातली कुटुंबं आली सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे वर्ग भरल्यानंतर. आणि ती शहरभर विखुरली नाहीत, तीन-चार वस्त्यांत आली. त्या वस्त्यांमधल्या शाळा आधीच भरलेल्या. मोठ्या मुलांचा प्रश्न तसा सोपा होता. कंपाला, जिंजा इथल्या शाळांत इंग्रजी माध्यम असल्यानं भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली. लहानांचं तसं नव्हतं, आणि घरी आई फक्त गुजराती बोलणारी. मूल वर्गात बसवलं की काम झालं असं इथे चालत नाही: शाळेची चिठ्ठी घरी कोण वाचणार, लसीकरणाच्या कागदावर सही कोण करणार, जेवणाच्या सुट्टीत मांस न खाणाऱ्या मुलाच्या ताटात काय वाढायचं? ही कामं कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत, पण मुख्याध्यापकाचा अर्धा दिवस खातात.

तिसरी नोंद, समाजसेवा आणि आरोग्याची, सगळ्यात ढोबळ होती. म्हाताऱ्यांची देखभाल, आजारपण, बाळंतपण हे सुरुवातीची बरीच वर्षं घरातल्या घरात, नातेवाइकांत निभावलं गेलं. परिषदेला वाटला होता तेवढा बोजा आलाच नाही. पण याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ‘ही माणसं आपल्या म्हाताऱ्यांचं आपण बघतात’ हे वाक्य ब्रिटनमधल्या समाजकल्याण खात्यांत पुढे इतकं रुळलं की खरोखर गरज असलेल्या एकट्या विधवेपर्यंत किंवा मनानं खचलेल्या माणसापर्यंत सेवा पोचायला फार उशीर लागला. कौतुक करून हात झटकण्याचाच तो एक प्रकार.

आता या तीन नोंदींत जे नाही त्याकडे बघा. रोजगार. होजिअरी, बूट, यंत्रं, टाइपरायटर बनवणारं हे शहर. बायकांनाही कारखान्यात सहज काम मिळणाऱ्या मोजक्या इंग्रजी शहरांपैकी एक. येणाऱ्या माणसासाठी ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आणि जाहिरातीत तिचा पत्ताच नाही. कारण सोपं आहे. घर, शाळा, दवाखाना हे परिषदेच्या खर्चाच्या बाजूला येतात. कारखान्यातला पगार आणि त्यावरचा प्राप्तिकर परिषदेच्या कुठल्याच वहीत चढत नाही; तो लंडनच्या तिजोरीत जातो. परिषदेला माणूस दिसला तो फक्त खर्चाच्या रकान्यात, आणि तिच्यापुढे ठेवलेल्या वहीला दुसरा रकाना नव्हताच.

लाल आणि हिरवा

मध्यवर्ती सरकारनं ऑगस्टमध्येच युगांडा पुनर्वसन मंडळ नेमलं होतं. अध्यक्ष सर चार्ल्स कनिंगहॅम, गृहखात्यातले निवृत्त ज्येष्ठ सचिव. १८ सप्टेंबरला १९३ प्रवाशांचं पहिलं विमान स्टॅन्स्टेडला उतरलं. देशभरात सोळा तात्पुरत्या छावण्या उघडल्या, बहुतेक जुने लष्करी आणि हवाई दलाचे तळ: सफोकमधलं स्ट्रॅडिशॉल, बर्कशरमधलं ग्रीनहॅम कॉमन, डेव्हनमधलं हीथफील्ड, वेल्सच्या किनाऱ्यावरचं टोनफनाऊ. पत्र्याच्या आणि लाकडी बराकी, समुद्रावरचा वारा, आणि विषुववृत्तावरून सुती कपड्यांत आलेली माणसं. महिला स्वयंसेवी दलाच्या बायका ओव्हरकोट आणि घोंगड्या वाटत होत्या. स्वयंसेवकांचं हे काम सर्वांनीच नावाजलं आणि ते नावाजण्यासारखंच होतं.

मंडळाचं दुसरं काम मात्र फसलं. त्यांनी देशाचे दोन भाग पाडले. जिथे आधीच बरेच परदेशी वंशाचे लोक आहेत ते ‘लाल’. जिथे सामावून घ्यायला वाव आहे ते ‘हिरवे’. लेस्टर लाल यादीत होतं. छावणीतल्या टेबलामागे बसलेला अधिकारी कुटुंबाला विचारायचा, कुठे जायचंय? उत्तर लेस्टर आलं की हिरव्या गावाचं नाव पुढे करायचा. काही परिषदांनी मनापासून घरं देऊ केली होती. पण रिकामं घर बऱ्याचदा तिथेच असतं जिथून काम आटल्यामुळे लोक निघून गेलेले असतात. घर आहे, नोकरी नाही. नोकरी असली तर गावात आपली भाषा बोलणारं कुणी नाही.

वीस हजारांहून अधिक लोक या छावण्यांमधून गेले. बाकीचे विमानतळावरूनच थेट नातेवाइकांकडे गेले. हिरव्या गावात धाडलेल्यांपैकीही अनेकजण काही महिन्यांत, दोन वर्षांत, सामान बांधून लाल गावात आले. लेस्टरनं सुरुवातीलाच साधारण पाच-सहा हजार लोक सामावून घेतले, म्हणजे एकूण आलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा, आणि नंतरही ओघ चालू राहिला.

मंडळाचा नकाशा मोडला तो याच कारणानं. उपऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात लागतं ते ओळखीचं कुणीतरी: ज्याच्या ओसरीवर चार रात्री काढता येतील, जो आपल्या मुकादमाला ‘हा माझा मेहुणा’ म्हणून सांगेल, जो डॉक्टरकडे बरोबर येईल. केनियाहून आलेल्या गुजरात्यांनी लेस्टरमध्ये हे जाळं आधीच विणून ठेवलं होतं. म्हणजे मंडळ ज्याला ‘संपृक्त’ भाग म्हणत होतं, नेमका तिथेच मदतीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद स्रोत होता. सरकारी पैसा त्या जाळ्याला बळ द्यायला वापरला असता तर? ही नुसती जर-तरची गोष्ट नाही, पुढे येईलच.

जाहिरातीचा परिणाम उलटा झाला, असं लेस्टरमध्ये हमखास ऐकायला मिळतं. ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांनी पेपरात वाचून विचार केला, इतके जण जायला बघताहेत त्याअर्थी तिथे काहीतरी असणार. किस्सा झकास आहे, आणि काही कुटुंबांच्या बाबतीत खराही असेल. पण त्याला फार महत्त्व देऊ नये असं माझं मत आहे. जाहिरात आली नसती तरी मेहुणे, आतेभाऊ आणि पूर्वीचे शेजारी तिथेच होते. फार तर एवढं म्हणता येईल की पैसे मोजून शहरानं स्वतःची बदनामी विकत घेतली; माणसं थांबली नाहीत.

पैसा कुणाचा

नागरिकांना घेण्याचा निर्णय लंडनचा, आणि तो नैतिकदृष्ट्या उजळ. खर्च मात्र बराचसा त्या-त्या गावाच्या माथी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यातली ही गत, आणि लेस्टरचे नगरसेवक जे कडवटपणे बोलत होते त्यातला हा भाग रास्त होता.

मदतीची सोयच नव्हती असं नाही. १९६६ च्या स्थानिक शासन कायद्याच्या ११ व्या कलमाखाली राष्ट्रकुलातून आलेल्यांसाठी जादा कर्मचारी नेमले तर गृहखातं पगाराचा ७५ टक्के भाग द्यायचं. पण यात तीन खोड्या. एक, पैसा फक्त पगाराला. नवी वर्गखोली, नवी इमारत यांना नाही. दोन, उरलेले २५ टक्के परिषदेनं घालायचे, म्हणजे पदरमोड केल्याशिवाय अनुदान नाही. तीन, येऊन दहा वर्षं झाली की ते कुटुंब हिशेबातून बाद, जणू दहाव्या वाढदिवसाला सगळ्या गरजा संपतात. ‘अर्बन प्रोग्रॅम’ या शहरांतल्या गरीब वस्त्यांसाठीच्या सरकारी योजनेची अनुदानंही ७५ टक्क्यांचीच. पुनर्वसन मंडळानं काही जादा खर्चाची भरपाई कबूल केली, पण मंडळ स्वतःच १९७४ च्या सुरुवातीला गुंडाळलं गेलं. शाळेत पहिलीला आलेलं मूल तेव्हा दुसरीत असेल.

आणि लगेच आणखी एक गोष्ट घडली, जी या प्रकरणाच्या बहुतेक कथनांत येत नाही. १ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या स्थानिक शासनाची फेररचना झाली. लेस्टरचा काउंटी बरोचा दर्जा गेला. शाळा आणि समाजकल्याण लेस्टरशर काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या परिषदेकडे गेलं, घरं शहराकडे राहिली. ज्या परिषदेनं तीन खात्यांच्या नावानं कंपालात जाहिरात दिली, तिच्याकडे सुमारे दीड वर्षात एकच खातं धड उरलं. नव्यानं आलेल्या कुटुंबाला घराच्या दुरुस्तीसाठी एका कार्यालयात आणि मुलाच्या शाळेसाठी दुसऱ्या कार्यालयात जावं लागू लागलं. शहराला शाळा परत मिळाल्या त्या थेट १९९७ मध्ये.

पुढची वर्षं

शहर सुखासुखी बदललं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. १ मे १९७४ रोजी इम्पिरियल टाइपरायटर्सच्या लेस्टरमधल्या कारखान्यात ३९ आशियाई कामगारांनी काम थांबवलं. बोनससाठी जितकी यंत्रं बनवावी लागायची त्या आकड्यात आपल्याला फसवलं जातंय, अशी तक्रार. शेकडो जण सामील झाले, त्यांत युगांडाहून आलेल्यांचा मोठा भरणा. त्यांच्याच संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पाठिंबा नाकारला. संप तीनेक महिने चालला आणि पुढच्या वर्षी कारखानाच बंद पडला. १९७६ च्या नगरपरिषद निवडणुकीत नॅशनल फ्रंटला शहरात सुमारे १८ टक्के मतं पडली. जागा एकही नाही, पण सत्ताधाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकायला तेवढं पुरे होतं.

इथे मजूर पक्षासमोर दोन वाटा होत्या: फ्रंटची भाषा अर्धी उचलायची, किंवा नव्या मतदारांना पक्षात घ्यायचं. १९७२ मध्ये पहिली वाट धरून झाली होती आणि तिनं फ्रंटचं बळ काही कमी झालं नव्हतं. पक्षातल्या तरुण मंडळींनी दुसरी धरली. १९७६ च्या वंशसंबंध कायद्यानं ७१ व्या कलमात स्थानिक संस्थांवर भेदभाव दूर करण्याची आणि समान संधी वाढवण्याची जबाबदारीही टाकली, म्हणजे वाट बदलणाऱ्यांना कायद्याचा आधार मिळाला. पुढच्या दशकात आशियाई नगरसेवक निवडून येऊ लागले. २००८ मध्ये मंजुला सूद लॉर्ड मेयर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या आशियाई स्त्री. २०२१ च्या जनगणनेत शहरातल्या ४३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद आशियाई म्हणून केली. २०२२ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा शहराच्या संग्रहालयात युगांडातून आलेल्यांच्या आठवणींचं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात शहरातल्या हिंदू आणि मुस्लिम तरुणांत रस्त्यावर तणावही पेटला. ‘आदर्श शहर’ हे बिरुद लेस्टरच्या गळ्यात घालणाऱ्यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात.

नंतर काय बदललं, काय नाही

पैशाच्या बाबतीत ब्रिटन काही शिकलं. २०१५ नंतर सीरियातून २० हजार लोक आणण्याच्या योजनेत परिषदांना माणशी पाच वर्षांत मिळून २०,५२० पौंड ठरवून दिले गेले. पहिल्या वर्षी ८,५२०, मग उतरत्या क्रमानं. रक्कम आधी ठाऊक, सहभाग ऐच्छिक, कुटुंब कधी येणार तेही ठाऊक. कित्येक परिषदा आपणहून पुढे आल्या, हे साहजिकच. २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी केलेल्या योजनेनं तर १९७२ चा नकाशाच उलटा केला: आधी यजमान शोधा, मग व्हिसा. यजमानाला महिन्याला ३५० पौंड, परिषदेला पाहुण्यामागे १०,५०० पौंड. म्हणजे ओळखीच्या जाळ्याला पैसा जोडला, जे पुनर्वसन मंडळाला सुचलं नाही. मात्र १ जानेवारी २०२३ पासून नव्यानं येणाऱ्यांसाठी परिषदेची रक्कम ५,९०० वर आली. शाळेतल्या मुलाचा खर्च त्या दिवशी अर्धा झाला नाही.

आश्रय मागणाऱ्यांच्या बाबतीत मात्र गाडी जुन्याच रुळावर आहे. त्यांच्या निवाऱ्याची सोय १९९९ च्या कायद्यानं परिषदांकडून काढून गृहखात्याकडे गेली, आणि आता ती खासगी कंत्राटदारांमार्फत होते. कुठल्या गावातलं कुठलं हॉटेल घ्यायचं हे लंडन आणि कंत्राटदार ठरवतात. मुलांच्या शाळा, एकट्यानं आलेल्या अल्पवयीनांची जबाबदारी आणि रस्त्यावरचा रोष परिषदेच्या वाट्याला येतो. अर्ज मंजूर झाला की गृहखात्याचा आधार साधारण २८ दिवसांत थांबायचा हा वर्षानुवर्षांचा नियम. मग तोच माणूस बेघर म्हणून परिषदेच्या खिडकीशी येतो. २०२४ अखेरीस ही मुदत प्रायोगिक तत्त्वावर ५६ दिवसांची केली.

ऑगस्ट २०२५ मध्ये इसेक्समधल्या एपिंग फॉरेस्ट परिषदेनं एका हॉटेलातल्या आश्रयार्थींना हलवावं म्हणून न्यायालय गाठलं. मुद्दा मांडला तो नगररचनेचा: हॉटेल म्हणून परवानगी असलेल्या इमारतीचा वापर बदलला, त्यासाठी आमची परवानगी घेतली नाही. १९ ऑगस्टला उच्च न्यायालयानं तात्पुरता मनाई हुकूम दिला; २९ ऑगस्टला अपील न्यायालयानं तो रद्द केला. त्या दहा दिवसांत इतर अनेक परिषदा आपापल्या वकिलांकडे जाऊन आल्या. माणसं कुठे ठेवायची या निर्णयात ज्यांना विचारलंच गेलं नव्हतं, त्यांच्या हाती या वेळी इमारतीच्या वापराचा नियम लागला होता.